कोणत्या दिवसाची सुट्टी

आई गेली त्या वर्षी मला पहिल्यांदा कळलं की कॅलेंडरवर लाल तारखा किती असतात.

त्याआधी मी त्या कधी मोजल्या नव्हत्या. सुट्टी म्हटली की आईचं सकाळपासून सुरू व्हायचं. पडदे काढ, डाळीचे डबे उन्हात ठेव, माळ्यावरची पितळी भांडी खाली घे. मी कुरकुर करायचे. दुपारी जेवून दोघी पंख्याखाली आडव्या व्हायचो आणि मी उठेपर्यंत आईने चारचा चहा केलेला असायचा. दिवस कसा गेला असं कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. तो जायचा, एवढंच.

आम्ही बोरिवलीला पूर्वेला राहायचो, नॅशनल पार्कच्या बाजूला. वडिलांनी नोकरीत असताना घेतलेला एक खोली-स्वयंपाकघराचा ब्लॉक. वडील आधीच गेलेले. भाऊ नोकरीनिमित्त बडोद्याला, तो दिवाळीला यायचा. माझ्या लग्नाचं दोनदा जमत आलं होतं. दोन्ही वेळा वडिलांचं आजारपण आडवं आलं, आणि नंतर हळूहळू कुणी विचारेनासं झालं. मी पस्तिशीची झाले होते. अंधेरीला एमआयडीसीत पंप बनवणाऱ्या एका कंपनीत मी टेलिफोन ऑपरेटर होते. दिवसभर कानाला हेडफोन आणि समोर बोर्ड. दोरी ओढायची, प्लग खोचायचा, जोडून द्यायचं. सगळ्या कंपनीचे आवाज माझ्या कानातून जायचे, त्यातला माझ्यासाठी एकही नसायचा. पण आवाज होते. संध्याकाळी घरी आले की कान दुखत असायचे आणि ते बरं वाटायचं.

आई मार्गशीर्षात गेली. भाऊ-वहिनी पंधरा दिवस राहून परत गेले. आणि मग आली सव्वीस जानेवारी.

सकाळी सोसायटीच्या आवारात झेंडावंदन झालं. सगळे इस्त्रीच्या कपड्यांत. सेक्रेटरींनी भाषण केलं, पोरांनी गाणं म्हटलं, कागदात बांधलेली जिलेबी वाटली. दहाच्या आत सगळं आटोपलं आणि माणसं आपापल्या जिन्यांनी वर गेली. मीही गेले. दार लावलं. जिलेबीचा कागद ओट्यावर ठेवला आणि खुर्चीत बसले. शेजारच्या घरात फोडणी पडली. वरच्या मजल्यावर कुणीतरी पाट सरकवले. मी घड्याळाकडे पाहिलं, तर अजून सकाळच होती.

शेजारीण वाईट नव्हती. "ये ना गं आमच्याकडे जेवायला," म्हणाली होती. मी एकदा गेलेही होते, पुढे कधीतरी. पण आपण गेलो की त्यांचं बोलणं जरा सावरून बसतं. नवरा बनियनवर शर्ट चढवतो. मुलांना दटावलं जातं. आपल्या ताटात सगळं जास्त वाढतात. जेवून उठताना वाटतं, आता हे लोक मोकळे होतील.

त्या सव्वीस जानेवारीला दुपारी मी नाक्यावरच्या वाण्याकडे गेले. त्याच्याकडे पब्लिक फोन होता. बडोद्याला लावायचा तर ट्रंक कॉल बुक करावा लागायचा, आणि बोलणार तरी काय? मी आमच्या कंपनीचाच नंबर फिरवला. रोज मी जो उचलायचे, तो. पलीकडे रिंग वाजायला लागली. बंद खोलीत, कव्हर घातलेल्या बोर्डावर ती वाजत असणार हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं. मी बराच वेळ ऐकत राहिले. वाणी म्हणाला, "कोई उठाता नहीं क्या? आज छुट्टी है ना." मी रिसीव्हर ठेवला. कुणी उचललं नाही म्हणून नाणं माझ्या हातातच राहिलं.

त्यानंतर मी रविवारी वाचनालयात जायला लागले. आमच्या रस्त्याच्या टोकाला, एका इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्यांचं वाचनालय होतं. पुस्तकांची मला फार आवड होती अशातला भाग नाही. पण तिथे एकटं बसलेलं माणूस एकटं दिसत नाही. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी तिथे चर्चा असायची. ग्रंथपाल हौशी होते. खडूने फळ्यावर विषय लिहायचे, पंचवीस-तीस खुर्च्या मांडायचे आणि चहा स्वतः करायचे. मी मागच्या रांगेत बसून ऐकायचे.

त्या ऑगस्टमध्ये, पंधरा ऑगस्ट होऊन गेल्यावर, त्यांनी फळ्यावर लिहिलं: 'इतिहासातल्या कोणत्या दिवसाला देशभर सुट्टी असावी?' खाली बारीक अक्षरात होतं, की प्रत्येकाने एक दिवस सुचवावा, शेवटी हात वर करून मत घेऊ आणि जो दिवस निवडला जाईल त्याचा अर्ज दिल्लीला पाठवू.

दिल्लीचं नाव वाचून त्या दिवशी गर्दी झाली. सगळ्या खुर्च्या भरल्या. काही जण दारात उभे होते.

सुरुवात बँकेतल्या एका साहेबांनी केली. तिथल्या जुन्या रहिवाशांपैकी ते एक, वडिलांपासून बोरिवलीत. बोलायचे छान, हातवारे करून. ते म्हणाले, "अठराशे सत्तावन्न. दहा मे. मेरठला पहिली ठिणगी पडली तो दिवस. पंधरा ऑगस्टला आपण फळ खातो, पण बी कधी पेरलं ते विसरतो."

टाळ्या पडल्या. दारातून कुणीतरी म्हणालं, "मेमध्ये पोरांना सुट्टीच असते साहेब. नवीन काय मिळालं?" लोक हसले.

रेल्वेतले एक गृहस्थ उठले. त्यांचं म्हणणं, बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली तो दिवस धरा, देश जोडला तो रुळांनी. "आणि सुट्टीच्या दिवशी गाड्या बंद ठेवणार का?" असं विचारल्यावर ते रागावून बसले.

मग समोरच्या इमारतीचे वॉचमन काका उठले. ते मालवणकडचे. लालबागच्या गिरणीत उभं आयुष्य गेलं होतं, ब्याऐंशीच्या संपानंतर इकडे आले आणि गेटवर बसायला लागले. ते सहसा बोलायचे नाहीत. टोपी हातात घेऊन म्हणाले, "संप सुरू झालो तो दिवस घाला तुमच्या अर्जात."

बँकेतले साहेब म्हणाले, "काका, तो ऐतिहासिक दिवस कसा होईल? आत्ता-आत्ताची गोष्ट आहे."

"आत्ताची कशी? माझी तर सगळी जिंदगी त्यातच गेली."

"पण त्याची सुट्टी कशाला?"

"माका नको सुट्टी," काका म्हणाले. "आमची सुट्टी तेव्हापासून चालूच आसा. तुमका मिळूक व्हयी."

कुणाला हसावं की नाही कळेना. ग्रंथपालांनी तो दिवसही फळ्यावर लिहिला.

त्यानंतर इतिहासाच्या बाई बोलल्या. म्हणजे त्या तिथल्याच एका शाळेत इतिहास शिकवायच्या आणि त्याच वर्षी निवृत्त झाल्या होत्या. अर्ध्या खोलीला त्यांनी कधी ना कधी शिकवलं होतं, त्यामुळे त्या उठल्यावर लोक आपोआप नीट बसले. सडसडीत, पांढरी स्वच्छ साडी, हातात फक्त घड्याळ. त्या म्हणाल्या, "एकोणीसशे शेहेचाळीस, बावीस फेब्रुवारी. मुंबईत नौसैनिकांनी उठाव केला होता आणि त्या दिवशी त्यांच्यासाठी गावातली साधी माणसं रस्त्यावर आली. गिरणीतली, गोदीतली. गोळीबार झाला. माणसं मेली. पाठ्यपुस्तकात यावर एक ओळ आहे. मी ती ओळ दरवर्षी शिकवली. मला वाटतं त्या दिवसाला सुट्टी असावी." आणि बसल्या. एवढंच. एखादा धडा संपवावा तसं.

बँकेतले साहेब आदराने म्हणाले, "बाई, पण तो मुंबईपुरता प्रसंग. देशभर कशी सुट्टी देणार?"

"मेरठही मेरठपुरतंच होतं, तेव्हा," बाई म्हणाल्या.

मी मागे बसून ऐकत होते. ग्रंथपालांची नजर माझ्यावर पडली. "ताई, तुम्ही नेहमी येता, कधी बोलत नाही. आज बोला. कोणता दिवस?"

मी नाही म्हणणार होते. पण उभी राहिले, आणि राहिल्यावर काहीतरी बोलावं लागलं. म्हटलं, "मला वाटतं आणखी सुट्टी नको."

खोलीत कुजबूज झाली. मी बोर्डावर बोलते तसं सावकाश, स्पष्ट बोलायला लागले. म्हटलं, "सुट्टी दिली की माणसं झेंडा लावतात आणि घरी जाऊन दार लावतात. आठवण कुणालाच राहत नाही. तुम्ही तीस जानेवारी बघा. त्या दिवशी सुट्टी नसते. आमच्या कंपनीत अकराला भोंगा होतो. मशिनं थांबतात. साहेब केबिनमधून बाहेर येऊन उभे राहतात, हमाल हातगाडी सोडून उभा राहतो. मी सगळे प्लग काढून ठेवते आणि उभी राहते. इतकी माणसं एकाच वेळी गप्प उभी आहेत हे त्या दोन मिनिटांत कळतं. आपण सगळे एका ठिकाणी आहोत असं वाटतं. वर्षातून तेवढंच एकदा वाटतं. तेव्हा ज्या दिवसाची आठवण ठेवायची तो दिवस कामाचा असावा."

मी इतकं कधी चारचौघांत बोलले नव्हते. पण बोलणं बरं झालंय असं वाटत होतं.

बँकेतले साहेब हसून म्हणाले, "ताई, राग मानू नका हं. तुमच्या घरी वाट बघणारं कुणी नाही, म्हणून तुम्हाला सुट्टी नको. आमची पोरं वर्षभर त्या एका दिवसाची वाट बघतात."

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळलं. ते वादातला मुद्दा मांडत होते. दोन-तीन माणसं हसली आणि मग एकदम थांबली. सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली, आणि बघत नाही असं दाखवायलाही लागली. मी म्हटलं, "हो, तसं आहे खरं," आणि बसले.

पुढे मत घेतलं. सत्तावन्नला सगळ्यात जास्त हात वर झाले. बाईंच्या दिवसाला चार. संपाला काकांचा स्वतःचा एक. मी कशालाच हात वर केला नाही. दिल्लीला अर्ज गेला असं पुढे ग्रंथपाल म्हणाले. उत्तर आलं नाही.

चहाला न थांबता मी बाहेर पडले. रस्ता ओला होता. मागून चपलांचा आवाज आला आणि बाई माझ्याबरोबर चालायला लागल्या. मग म्हणाल्या, "कुलुपवाडीकडे राहतेस ना? मी पुढे, पाण्याच्या टाकीजवळ."

"हो."

"माझ्याही घरी कुणी नाही," त्या म्हणाल्या. "मला मात्र सुट्टी हवी."

मला वाटलं मला बरं वाटावं म्हणून बोलताहेत. पण तसं नव्हतं. चालता चालताच त्यांनी सांगितलं. शेहेचाळीस साली त्यांचं घर परळला होतं, चाळीत. त्यांचा भाऊ एकोणीस वर्षांचा. गोळीबार चाललाय असं कुणीतरी जिन्यात ओरडलं. भाऊ शर्ट घालत म्हणाला, "बघून येतो." आई नको म्हणाली. तो म्हणाला, "आलोच." संध्याकाळी त्याला चौघांनी आणला.

"तो क्रांतिकारक वगैरे काही नव्हता," बाई म्हणाल्या. "बघायला गेला होता. त्यामुळे त्याचं नाव कुठल्या फलकावर नाही, आणि त्यात चूकही काही नाही. पण मला पुढे नोकरी लागली ती इतिहासाचीच. दरवर्षी बावीस फेब्रुवारीला मी वर्गात उभी. हजेरी घ्यायची, फळा पुसायचा, पोरं कागदाचे बाण सोडताहेत. एकदा तर नेमका त्या दिवशी तोच धडा आला. मी ती ओळ वाचली आणि 'पुढे' म्हटलं."

मी म्हटलं, "रजा नाही काढलीत कधी?"

"काय कारण लिहायचं रजेच्या अर्जात?"

त्यांचं वळण आलं. त्या "बरं" म्हणाल्या आणि गेल्या.

त्यानंतर आम्ही मैत्रिणी झालो असं म्हणता येणार नाही. त्या माझ्याहून तेवीस वर्षांनी मोठ्या होत्या आणि मूळच्या अबोल. पण दोन ऑक्टोबरला सकाळी मी त्यांच्याकडे गेले. त्यांनीच रविवारी विचारलं होतं, "शुक्रवारी काय करणार आहेस?" त्यांनी पोहे केले होते. घरात सगळं जागच्या जागी. पलंगावर एकही सुरकुती नाही. बसायला एकच खुर्ची, म्हणून मी पलंगावर बसले आणि चादर चुरगळेल की काय म्हणून अवघडून राहिले.

तिथे आमचा वाद पुन्हा सुरू झाला. खरं सांगायचं तर आमच्यात बोलायला दुसरं काही नव्हतंच.

"तू म्हणतेस दोन मिनिटं उभं राहायचं," बाई म्हणाल्या. "दोन मिनिटांत कुणाचं काय जातं? सुट्टी म्हणजे सरकारने कबूल करायचं की आज कारखाने बंद राहिले, नुकसान झालं, तरी चालेल. तेवढं नुकसान सोसलंत तर मी म्हणेन तुम्हाला आठवण आहे."

"नुकसान कुणाचं होतं, बाई? रोजंदारीवाल्याचं. त्याला त्या दिवसाची मजुरी नाही. तुमच्या भावाच्या नावाने त्याच्या घरी चूल बंद, हे तुम्हाला चालेल?"

त्यांनी बशी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "हे तू चांगलं बोललीस." शिक्षिकेने म्हणावं तसंच म्हणाल्या. थोड्या वेळाने मात्र पुन्हा, "पण मला चालेल. एक दिवस चालेल. मी खोटं कशाला बोलू?"

मी म्हटलं, "आता तर तुम्हाला रोजच सुट्टी आहे."

"मला माझ्यासाठी नको आहे गं. मी थांबलेलीच आहे. बाकीच्यांनी थांबावं म्हणून हवी आहे."

त्या दिवशी मी जेवायलाही राहिले. दुपारी त्या पलंगावर आणि मी खाली चटईवर, दोघी न बोलता पडून होतो. दुसऱ्या माणसाच्या श्वासाचा आवाज असलेल्या खोलीत मी किती दिवसांनी झोपले होते!

जानेवारीच्या शेवटी बाई म्हणाल्या, "बावीसला रजा मिळेल तुला? परळला जाईन म्हणते, भाऊ पडला त्या नाक्यावर. बेचाळीस वर्षांत गेले नाही. बस त्या नाक्यावरून जायची तरी मी खाली बघायचे."

मी रजा मागितली. मिळाली नाही. दुसरी ऑपरेटर बाळंतपणाच्या रजेवर होती आणि बोर्डावर बसायला दुसरं कुणी नव्हतं. साहेब म्हणाले, "घरात काही आहे का?" मी नाही म्हटलं. घरात काही नाही हेच तर कारण होतं, पण ते कसं सांगणार? बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "असू दे. मी जाऊन येते."

बावीस फेब्रुवारीला सोमवार होता. सोमवारी बोर्डावर श्वास घ्यायला फुरसत नसते. दुपारच्या आधी एक लाइन घेतली, नेहमीसारखं कंपनीचं नाव सांगितलं, आणि पलीकडून आवाज आला, "मी बोलतेय."

कंपनीत मला फोन येणं ही घटना होती. मला आधी कळलंच नाही की कुणाला जोडून देऊ.

"बाई? कुठून?"

"परळहून. औषधाच्या दुकानातून. नाक्यावरच आहे." त्यांचा आवाज चढा होता, ज्यांना फोनची सवय नसते त्यांचा असतो तसा. "इथे आता पंख्यांचं दुकान झालंय. तो पडला होता तिथे. बाहेर पंखे लावून ठेवलेत, फिरताहेत."

"तुम्ही बऱ्या आहात ना?"

"मी तिथे उभी राहत होते, तर एक माणूस म्हणाला, आजी, बाजूला व्हा, माल उतरवायचाय. तेव्हा मी इथे आले." मग म्हणाल्या, "तुझी ती दोन मिनिटं. आत्ता उभी राहशील का? मी इथे उभी राहते."

मी "हो" म्हटलं. बोर्डावर तीन लाइनी वाजत होत्या. मी हेडफोन न काढता उभी राहिले. बाईंची लाइन सोडून बाकीचे सगळे प्लग काढले. आणखी दोन लाइनी वाजायला लागल्या, मग साहेबांची आतली. मी हात खाली ठेवले.

कानात परळचा नाका होता. बसचा हॉर्न. कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं. सुट्टे नाहीत म्हणून दुकानदार कटकट करत होता. त्या सगळ्याच्या अलीकडे बाईंचा श्वास, जरा धाप लागल्यासारखा. मला माझं घड्याळ बघावंसं वाटलं नाही. काचेतून मला आमच्या ऑफिसातली माणसं दिसत होती. कुणी टाइप करत होतं, कुणी फाइल घेऊन चाललं होतं, कुणी जांभई देत होतं. एकही माणूस थांबलेला नव्हता. दुकानदाराचा आवाज आला, "आजी, झालं का?"

"झालं," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी बसले आणि एकेक लाइन घ्यायला लागले. साहेब स्वतः उठून आले. "बोर्ड बंद पडला होता का?"

"नाही साहेब. दोन मिनिटं मी थांबवला होता."

"का?"

मी सांगितलं. जेवढं थोडक्यात सांगता येईल तेवढं, की शेहेचाळीस साली आजच्या दिवशी मुंबईत गोळीबार झाला होता आणि ओळखीच्या बाईंचा भाऊ गेला होता. "असं काही झालं होतं का?" म्हणाले. रागावले नाहीत. "पुढच्या वेळी आधी सांगत जा," म्हणाले आणि गेले.

संध्याकाळी मी थेट बाईंकडे गेले. त्या दिवा न लावता बसल्या होत्या. मी दिवा लावला. चहा केला. मला वाटलं होतं त्या रडल्या असतील, किंवा मोकळ्या झाल्या असतील. तसं काही दिसत नव्हतं.

"काहीच वाटलं नाही गं," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं त्या जागेला भीत होते. तिथे उभी राहिले आणि मला त्याचा चेहराच आठवेना. शर्टाची बटणं लावताना तो जिन्याकडे वळला होता, त्यामुळे मला पाठच आठवते. मग फोनवर उभी होते तेव्हा तुझ्याकडे घंटी वाजताना ऐकू येत होती. सारखी वाजत होती. मी मनात म्हटलं, ही उचलत नाहीये. एवढ्या लोकांचं काम अडलंय आणि ही उचलत नाहीये." चहाचा कप त्यांनी दोन्ही हातांत धरला. "तेवढं मला बरं वाटलं."

मी म्हटलं, "म्हणजे नुकसान झालं तेव्हाच पटलं तुम्हाला."

त्या पहिल्यांदाच हसल्या. मग रडल्याही, पण ते नंतर, मी कपबशा विसळत असताना, माझ्याकडे पाठ करून. मी नळ जरा जास्त वेळ चालू ठेवला.

मे महिन्यात त्यांनी जायचं ठरवलं. इंदूरला त्यांची भाची होती. ती गेली दोन वर्षं बोलावत होती. निवृत्तीनंतर एकटीने मुंबईत काय करायचं, असं भाचीचं म्हणणं होतं. त्यांची खोली भाड्याचीच होती. सामान बांधायला मी दोन रविवार गेले. फार काही नव्हतंच.

शेवटच्या दिवशी बांधलेल्या गाठोड्यांत बसून त्या म्हणाल्या, "मला भीती वाटते गं. भरलेलं घर आहे. जावई, सासूबाई, तीन मुलं. सुट्टीच्या दिवशी सगळे घरी असतात. मी कुठे बसायचं?"

या एका बाबतीत मला त्यांच्यापेक्षा जास्त कळत होतं. मी म्हटलं, "बाहेरच्या खोलीत बसू नका. तिथे पाहुण्यासारखं वाटतं. स्वयंपाकघरात कोपऱ्यात एक स्टूल मागून घ्या. हातात काहीतरी निवडायला घ्या. मेथी, शेंगा, काहीही. निवडणाऱ्या माणसाला कुणी उठ म्हणत नाही आणि बोल असंही म्हणत नाही."

त्यांनी ते लक्ष देऊन ऐकलं, जणू मी काही महत्त्वाचं सांगत होते. "शेंगा," त्या म्हणाल्या. "बरं."

दुसऱ्या दिवशी कामाचा वार होता, त्यामुळे मी स्टेशनवर जाऊ शकले नाही. भाचीचा नवरा न्यायला आला होता. त्या आठवड्यात मी दोनदा सवयीने पाण्याच्या टाकीपर्यंत गेले आणि मागे वळले.

वाचनालयातल्या चर्चाही त्याच सुमारास थांबल्या. ग्रंथपालांनी विरारला घर घेतलं. त्यांच्या जागी आलेल्या नव्या ग्रंथपालांना रविवारी यायला जमायचं नाही. बँकेतले साहेब कधी रस्त्यात भेटले तर फार अगत्याने विचारपूस करायचे. एकदा म्हणाले, "गणपतीला या हं आमच्याकडे." मी गेले, प्रसाद घेतला, आले.

बाई इंदूरला गेल्या त्या वर्षीच्या पंधरा ऑगस्टला झेंडावंदन करून मी वर आले, थोडा वरणभात केला आणि जेवून पडले. गाढ झोप लागली. जाग आली तेव्हा खिडकीत उजेड फिका होता आणि मला वाटलं, सकाळ झाली. उशीर झाला. मी धडपडून उठले, तोंडावर पाणी मारलं, आरशासमोर उभी राहून केस विंचरायला लागले. वेणीचे तीन पेड घातले असतील-नसतील, शेजारून टीव्हीवरच्या संध्याकाळच्या बातम्या ऐकू आल्या. दिल्लीतल्या सकाळच्या भाषणाबद्दल सांगत होते.

मी कंगवा हातात घेऊन तशीच उभी होते. मग वेणी पूर्ण घातली, आणि गॅलरीतला दिवा लावला.